पढंत लोकलमध्ये, हात घरी

तबला शिकू लागलेल्या माणसाच्या कानावर पहिल्या महिन्यातच जे किस्से पडतात ते बहुतेक रियाजाच्या तासांचे असतात. कोणी पहाटे तीनला उठून बसत असे, कोणी दहा-दहा तास मांडी मोडत नसे, कोणी ४० दिवसांचा चिल्ला धरून खोलीबाहेर पाऊल टाकले नाही. या किस्स्यांतला बराच भाग खरा असावा आणि ज्यांनी असा रियाज केला त्यांच्या हातून काय निघाले ते आपण ऐकतोच. परंतु फोर्टमधल्या एका कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करणाऱ्या, बोरिवलीत राहणाऱ्या आणि चाळिशी ओलांडल्यावर तबल्यापुढे बसलेल्या माझ्यासारख्या बाईला त्यांचा काडीइतका उपयोग नव्हता. उलट ते ऐकून रोजचा अर्धा तास म्हणजे रियाजच नव्हे असे मनात बसते, आणि जो रियाजच नव्हे तो एखाद्या दिवशी राहिला तरी काय बिघडते, हा पुढचा विचार आपोआप येतो. त्या अर्ध्या तासात नेमके काय होऊ शकते, एवढाच प्रश्न घेऊन मी कामाला लागले.

माझा दिवस बोरिवलीतल्या असंख्य घरांतल्यासारखाच आहे. सकाळी पाणी, डबे, सासूबाईंची औषधे आणि मुलाची शाळा यांतून सव्वाआठला घर सुटते ते संध्याकाळी साडेसातला परत लागते. पहाटेचा बेत आमच्या इमारतीत टिकण्यासारखा नव्हता, कारण आमची शयनगृहाची भिंत आणि शेजाऱ्यांची भिंत एकच आहे आणि डग्ग्याचा (डाव्या हाताच्या मोठ्या भांड्याचा) घुमारा भिंतीतून आवाजापेक्षाही लवकर पोहोचतो अशी माझी खात्री आहे. मग उरली ती संध्याकाळची आठची वेळ. ती सोयीची ठरली याचे श्रेय मी दूरदर्शन मालिकांना देते. आठ ते नऊ या वेळेत आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात मालिका इतक्या मोठ्या आवाजात चालू असते की तबल्याविषयी तक्रार करायला कोणाला उसंत नसते. सासूबाई दिवाणखान्यात मालिका पाहतात, मी आतल्या खोलीत बसते, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचे काम नवऱ्याकडे दिलेले आहे. अशी ३५ मिनिटे मिळाली.

शनिवारी संध्याकाळी मी विलेपार्ल्याला शिकायला जाते. गुरुजींना मी वेळेची अडचण सांगितली तेव्हा त्यांनी जास्त वेळ काढा असे म्हटले नाही. त्यांनी एक वही करायला सांगितली आणि बसल्यापासून उठेपर्यंत काय काय घडले ते आठवडाभर तिच्यात जसेच्या तसे लिहून आणायला सांगितले. ती वही वाचणे फारसे सुखाचे नव्हते. गवसणी (कापडी खोळ) काढून, चुंबळी (तबल्याखालची गोल बैठक) मांडून, हातोडी शोधून तबला सुरात येईपर्यंत सात-आठ मिनिटे जात होती. त्यानंतर शनिवारी सांगितलेला पलटा, म्हणजे मूळ बोल फिरवून केलेला प्रकार, नेमका कसा होता हे आठवण्यात पाच मिनिटे, लेहऱ्याचे, म्हणजे ताल धरायला सतत फिरत राहणाऱ्या धुनेचे, ॲप लावून लय ठरवण्यात आणखी दोन-तीन, आणि मग जे आधीपासून येत होते तेच जरा वेगात वाजवून मन रमवण्यात बराच वेळ. हात एखाद्या नव्या गोष्टीवर नेटाने काम करत होता तो काळ दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त नव्हता. गुरुजी वही मिटून म्हणाले, “तबल्यापुढे बसून आठवत बसू नका. आठवायचं ते गाडीत आठवा.” त्यानंतर जी व्यवस्था उभी राहिली ती सगळी या एका सूचनेतून आलेली आहे. जे काम तबल्याशिवाय होऊ शकते ते ३५ मिनिटांच्या बाहेर न्यायचे आणि जे केवळ हातालाच करता येते तेवढेच आत ठेवायचे.

तबल्याचे एक भाग्य असे की त्याची भाषा तोंडाने बोलता येते. बोल, म्हणजे तबल्याची अक्षरे, मोठ्याने म्हणून आणि हाताने टाळी-खाली (तालातल्या भरीव आणि रिकाम्या जागा) दाखवून केलेल्या पाठाला पढंत म्हणतात. व्हायोलिनवर काम करणाऱ्याला अशी सोय नाही. त्याला सरगम म्हणता येते, पण गजाचे काम तोंडात येत नाही. तबल्यात ‘धा’ म्हटला की दोन्ही हात त्यात आलेले असतात, ‘ता’ म्हटला की डावा गप्प असतो. त्यामुळे जो कायदा (पलट्यांनी वाढवत न्यायची ठरीव रचना) तोंडात अडखळतो तो हातात अडखळणारच, आणि तोंडातली अडखळ काढायला बोरिवली ते चर्चगेट हा तासाभराचा प्रवास पुरेसा आहे. जागा मिळाली तर उत्तम, परंतु उभ्यानेही हे काम होते, कारण मात्रा मोजायला एका हाताची बोटे पुरतात. चार बोटांची तीन-तीन पेरी अंगठ्याने मोजली की १२ मात्रांचा एकताल होतो, आणि प्रत्येक बोटाचे टोक त्यात धरले की १६ मात्रांचा तीनताल. एक बोट म्हणजे एक विभाग, तर्जनीचे पहिले पेर म्हणजे सम (पहिली मात्रा), आणि अनामिका लागली की नववी मात्रा, म्हणजे खाली. महिलांच्या डब्यात ओठ हलवत बसलेली बाई जप करत असावी असेच शेजारणींना वाटते, आणि पहाटेच्या गाडीत टाळ-मृदंगासह भजनी मंडळे चालवणाऱ्या या शहरात त्याचे कोणाला नवल वाटत नाही. एकदा एका सहप्रवासिनीने विचारलेच, आणि मी तबला म्हटल्यावर “बायका वाजवतात?” असा प्रश्न आला. मी आबान मिस्त्रींचे नाव सांगितले. १९४० साली जन्मलेल्या या मुंबईकर पारशी बाईंनी एकल तबलावादन केले आणि तबल्यावर ग्रंथही लिहिला. दादर येईपर्यंत त्या बाईंचे समाधान झाले होते, माझा पलटा मात्र राहिला.

गाडीतल्या कामाचे मी भाग पाडले. अंधेरीपर्यंत कायद्याचा मुखडा (मूळ ओळ) बरोबरीत, दुगुनीत आणि चौगुनीत, म्हणजे मात्रेला एक, दोन आणि चार अक्षरे. अंधेरी ते वांद्रे त्या आठवड्याचे पलटे. आणि दादरनंतर गर्दी ओसरली की तिहायांचा, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायच्या तुकड्यांचा, हिशेब. या शेवटच्या कामात माझ्यातला हिशेबनीस फारच रमतो. ‘तिट कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा तुकडा तीनदा सलग म्हटला तर १५ मात्रा होतात, म्हणजे शेवटचा ‘धा’ समेवर यायचा तर सुरुवात तिसऱ्या मात्रेपासून करावी लागते. मधल्या दोन जागांवर एकेक मात्रेचा दम (विराम) दिला तर एकूण १७ मात्रा होतात, म्हणून समेवरूनच उचलले की पुढच्या समेवर अचूक उतरता येते. झपतालाच्या १० मात्रांत हेच कसे बसेल, रूपकाच्या सातांत कसे, हे मी कागदाशिवाय, बोटांवर काढते. हे गणित आधी घरी तबल्यावर करत असे तेव्हा प्रत्येक वेळी हात थांबत होता आणि वेळ जात होता. आता तबल्यापुढे बसते तेव्हा आठवायचे काही उरलेले नसते, निदान उरू नये असा प्रयत्न असतो. संध्याकाळच्या गाडीत पढंत होत नाही. दिवसभर आकडे पाहून डोके शिणलेले असते, आणि तेव्हा मी केवळ ऐकते. उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे एकलवादन माझ्या फोनमध्ये आहे, आणि त्यात सुरुवातीचा संथ पेशकार कुठे संपला, कायदा कुठे सुरू झाला, वेगवान बोलांचा रेला कुठून उचलला हे ओळखत राहणे एवढाच त्या वेळचा अभ्यास. थिरकवा साहेब गंधर्व नाटक मंडळीत साथीला होते हे मी सासूबाईंना सांगितले त्या दिवसापासून आमच्या घरातली तबल्याची पत वाढली, कारण बालगंधर्व हे त्यांच्या माहेरचे दैवत.

पहिली सात-आठ मिनिटे खाणारा सुराचा प्रश्न अधिक चिवट निघाला. मुंबईत तबला सुरात ठेवणे हे काम जूनपासून सप्टेंबरपर्यंत फार त्रासाचे असते. पुडीचे, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचे, कातडे हवेतला ओलावा ओढते, सैल पडते आणि सूर उतरतो. काळी एकला (पेटीतल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला) लावलेला साडेपाच इंची तबला दोन दिवसांत पांढरी एकच्याही खाली गेलेला मी पाहिला आहे. मग वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून खाली सरकवायचे, पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर वरून हलके घाव घालून एकेक घर (कडेचा एकेक भाग) सारखे करायचे, आणि हे सर्व करून उठावे तोवर बाहेर पुन्हा सर आलेली असते. साध्या ढोलाला एवढा जाच नाही, कारण त्याला असा नेमका स्वर नसतो. तबला-मृदंगाच्या मधोमध शाईचा जो भार असतो त्यामुळे त्यांचे उपस्वर एकमेकांशी सुसंगत होतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते. या वाद्यांचे वैभव त्यात आहे आणि पावसाळ्यातली कटकटही त्यातच आहे. माझ्यापुरता तोडगा असा निघाला की संपूर्ण जुळणी फक्त रविवारी दुपारी, निवांतपणे, कान लावून करायची. आठवड्यात तबला जिथे उतरला असेल तिथेच राहू द्यायचा, घरे आपापसांत सारखी आहेत एवढे पाहायचे आणि ॲपमधला लेहराच खाली आणून तबल्याच्या स्वराला जुळवायचा. गुरुजींना हे फारसे पसंत नाही. कानाला आळशी सवय लागते असे त्यांचे म्हणणे, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे म्हणूनच रविवारची जुळणी मी कधी टाळत नाही. गवसणी मात्र पूर्णच सोडून दिली. तबला-डग्गा चुंबळींवर मांडलेलाच असतो, वर सुती कापड टाकलेले असते आणि हातोडी व पावडरची डबी शेजारी असते. खोली आमची लहान असल्यामुळे कपाटाचे एक दार आता अर्धेच उघडते, पण घरच्यांनी ते मान्य केले आहे.

आता त्या ३५ मिनिटांविषयी. पहिली पाच मिनिटे एकेक अक्षर: नुसता ‘ना’, नुसता ‘तिं’, नुसता ‘घे’, बरोबरीच्या लयीत, आस (मागे रेंगाळणारा नाद) नीट येते की नाही एवढेच ऐकत. दिवसभर कळफलकावर काम केलेल्या बोटांना आणि मनगटांना ही पाच मिनिटे लागतातच. ती गाळून थेट चौगुनीला गेले की दंड भरून येतो आणि दुसऱ्या दिवशी माऊस धरवत नाही. पुढची २० मिनिटे एकच कायदा. आमच्याकडे तो दिल्लीचा सर्वपरिचित कायदा होता: ‘धा धा ति ट धा धा तू ना, ता ता ति ट धा धा धी ना’. शिकायला तो एका बैठकीत येतो, आणि मी त्याच्यावर पावसाळा संपून थंडी सुरू होईपर्यंत बसले होते.

एवढा वेळ लागायचे कारण ‘तिट’. दिल्ली बाजात, म्हणजे दिल्ली घराण्याच्या वादनपद्धतीत, मधले बोट आणि तर्जनी या दोन बोटांवरच मुख्य भार असतो, आणि या दोघांची ताकद मुळात सारखी नसते. मधल्या बोटाचा ‘ति’ ठळक पडतो, तर्जनीचा ‘ट’ मागे राहतो किंवा घाईने त्याला चिकटतो. बरोबरीत हा दोष ऐकू येत नाही, दुगुनीत थोडा जाणवतो, आणि चौगुनीत सगळा कायदा त्या एका जागी लंगडू लागतो. लय मिनिटाला ६० मात्रांची धरली तर चौगुनीत सेकंदाला चार अक्षरे येतात. हा वेग काही मोठा नव्हे, पण त्यात ‘ट’ ला स्वतःची जागा मिळायला हवी. गुरुजींनी सांगितले की आठवडाभर लय बदलायची नाही. शनिवारी ते आकडा सांगतील, तो वहीत लिहायचा आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्याच लयीत बसायचे, कितीही सोपे वाटले तरी. मी ५० पासून सुरुवात केली. पहिल्या आठवड्यांत हा नियम मला जाचला, कारण वेग वाढवणे हीच प्रगती असे मनात घट्ट बसलेले होते. परंतु लय ठरलेली असल्याचा एक मोठा फायदा हळूहळू ध्यानात आला: तबल्यापुढे बसल्यावर निर्णय घ्यायचा उरत नाही. कामावरून दमून आलेल्या माणसाजवळ हातांची ताकद एक वेळ असते, आज काय वाजवावे आणि कुठल्या लयीत हे ठरवण्याची नसते. मधल्या आठवड्यांत गुरुजींनी ‘ट’ वर मुद्दाम वजन द्यायला लावले, म्हणजे कायदा कानाला उलटा, बेढब वाटावा इतके. तसा तो आठ-दहा दिवस वाजवून पुन्हा मूळ वजनावर आले तेव्हा दोन्ही बोटे प्रथमच बरोबरीने पडली.

उरलेली दहा मिनिटे ठेक्याची, म्हणजे तालाच्या ठरलेल्या मूळ बोलांची, असतात. त्यांत मी काहीच करामत करत नाही. तीनताल, झपताल, रूपक, एकताल आळीपाळीने, लेहऱ्यावर, शांतपणे. शिकणाऱ्यांना हा भाग नीरस वाटतो आणि तो टाळला जातो, पण ज्याला पुढे कोणाच्या गाण्याबरोबर बसायचे आहे त्याच्या पदरी मुख्य काम हेच येणार आहे, असे माझे मत आहे.

शुक्रवारी शेवटच्या मिनिटाला फोनवर ध्वनिमुद्रण करते आणि ते शनिवारी पार्ल्याला जाताना गाडीत ऐकते. वाजवताना जे कान झाकलेले असतात ते तेव्हा उघडतात. लय पळते कुठे, डावा हात कुठे झोपतो, हे गुरुजींनी सांगण्याआधी आपल्याला ठाऊक असले की शिकवणीचा वेळही वाचतो.

आता खंडांविषयी लिहिले पाहिजे, कारण वेळापत्रक मोडण्याचे प्रसंग अधूनमधून येत नाहीत, ते कायमचेच असतात. मार्चमध्ये आमच्या विभागात वर्षअखेर असते आणि रात्री दहापर्यंत घर दिसत नाही. गणपतीत पाहुणे आतल्या खोलीत झोपतात. खालच्या मजल्यावरच्या मुलीची दहावीची परीक्षा होती त्या काळात मी तबल्यावर जाड टॉवेल घालून वाजवत असे. टॉवेलने आस मरते, त्यामुळे नाद कसा येतो हे काही कळत नाही. हाताचा दम आणि अक्षरांची सफाई एवढ्यापुरता तो रियाज असतो, आणि तसा तो मर्यादित कामासाठी चांगला आहे. मार्चसाठी आम्ही वेगळी तजवीज केली. त्या महिन्यात नवे काहीही घ्यायचे नाही, घरी आल्यावर पाच मिनिटांची अक्षरे तेवढी, तीही टॉवेलवर, आणि गाडीतली पढंत मात्र चालू ठेवायची. एप्रिलमध्ये पुन्हा बसले तेव्हा हात जड झालेला होता, पण डोक्यातले काही गेलेले नव्हते. लय आठने खाली आणली आणि महिना संपण्याआधी मूळ आकड्यावर पोहोचले.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसावे की नाही यावर मी बराच विचार केला. त्या वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर होतात, आणि प्रारंभिकपासून विशारदपर्यंतचा क्रम आखलेला असल्यामुळे नोकरदाराला एक तारीख समोर मिळते. तारखेचा धाक मला मानवतो. परंतु अभ्यासक्रमात तालांची, कायद्यांची, तुकड्यांची संख्या पुष्कळ असते, आणि ३५ मिनिटांत संख्या गाठायला गेले की ‘तिट’ सारख्या जागेवर बसून राहणे शक्य होत नाही. म्हणून मी दर सत्राला अर्ज न भरता दोन वर्षांतून एक परीक्षा असे ठरवले आहे. लेखी भाग, म्हणजे भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही पद्धतींत ताललिपी लिहिणे, व्याख्या वगैरे, तो पूर्णपणे गाडीतला आणि जेवणाच्या सुट्टीतला अभ्यास आहे; त्याला संध्याकाळच्या वेळेतले एक मिनिटही मी देत नाही.

सध्या या घडीत एक नवी अडचण उभी आहे. आमच्या कार्यालयातल्या एक सहकारी ख्याल शिकतात, मालाडला राहतात, आणि दर रविवारी सकाळी आम्ही एकत्र बसायला लागलो आहोत. विलंबित एकतालात त्या आलाप घेत असताना ठेका धरून राहणे हे काम ॲपच्या लेहऱ्याबरोबर केलेल्या कोणत्याही कामासारखे नाही. यंत्राची लय हलत नाही, गाणाऱ्याची श्वासागणिक हलते, आणि एका मात्रेपासून दुसरीपर्यंतचे अंतर एवढे लांब असते की मधली जागा मनात मोजत राहावी लागते. ती मोजणी गाडीत करून पाहिली, पण स्थानके आणि घोषणा मध्ये येतात आणि धागा तुटतो. गुरुजींच्या सांगण्यावरून आठवड्यातले दोन दिवस कायदा बंद करून ती २० मिनिटे विलंबित ठेक्याला दिली आहेत. उरलेल्या दिवसांत नवा रेला घ्यायचा होता, त्यातला ‘धिरधिर’ तळहाताने काढायचा असल्यामुळे त्याला वेगळा वेळ लागणार, आणि तो कुठून आणायचा याचा हिशेब अजून जमलेला नाही. तूर्त तो रेला तोंडात बसवते आहे, सकाळच्या गाडीत, अंधेरीपर्यंत.